शेवटचं पान

"उद्या जेवणवेळेपर्यंत मला शंभर वर्षं दाखव! नाहीतर अमावास्येच्या आत निंबोळी गाव रिकामं!" रणधवल महाराज गरजले.

समोर उभी होती हौसाबाई, महालात पाणी भरणारी पाणकीण. कमरेवरची घागर अजून खाली ठेवलेली नव्हती.

झालं होतं असं. महाराजांच्या राज्यात पाऊस म्हणजे चार वर्षांतून एकदा डोकावणार, तोही उभ्या उभ्या! म्हणून महाराजांनी नऊ मंत्र्यांना बसवून शंभर वर्षांची पाणी-योजना करायला सांगितली. मंत्री बसले. चांगले सात महिने बसले! खोलीला वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर दिवसभर पाणी शिंपडायचं. तासातासाला सरबत. संध्याकाळी हौदात डुंबणं. ते सगळं पाणी हौसाबाईने आणि तिच्या जोडीदारणींनी वाहून आणायचं. आणि इतकं पाणी उडवून या शहाण्यांनी लिहिलं काय, तर पाणी कसं वाचवावं!

भर दरबारात जलप्रधान विश्वंभरपंतांनी योजना वाचली. राज्यात कधी न आटणारं तळं एकच, निंबोळीचं. ते कालव्याने राजधानीत आणायचं. आधी महालाची कारंजी, मग मंत्र्यांच्या बागा, मग शहर आणि उरेल ते पुढच्या पिढ्यांना. कालव्याच्या वाटेत येतात म्हणून निंबोळीची तीनशे घरं उठवायची.

"वा वा! दूरदृष्टी!" बाकीच्या आठही मंत्र्यांनी माना डोलावल्या.

"उरलं तर!" कोपऱ्यात रांजण भरता भरता हौसाबाई बोलून गेली. निंबोळी तिचं गाव. तीनशेतलं एक घर तिचं.

पंत फणकारले, "पाणी वाहणारीला योजनेतलं काय कळतं?"

"खरंय, पंत. मला आपलं भरायचं तेवढं कळतं. सांडायचं तुम्हाला ठाऊक!"

महाराज हट्टी. त्यांच्या योजनेला कुणी नाक मुरडलं की झालंच! शंभर वर्षांनी काय होणार ते दाखव म्हणाले, तेही उद्याच्या उद्या. मंत्री मिशीत हसले. हौसाबाईने मात्र घागर खाली ठेवली. गाव उठलं तर तीनशे चुली पेटवायच्या कुठे? तशीच ती मुदपाकखान्यात गेली आणि आचाऱ्याशी बराच वेळ बोलत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती महाराजांपुढे हजर.

"चला महाराज, पंगत मांडलीय. जेवता जेवता शंभर वर्षं बघा."

एका ओळीत दहा पानं. "एकेक पान दहा वर्षांचं," हौसाबाई म्हणाली. "पहिलं पंतांचं. मग बाकीचे मंत्री. शेवटचं महाराजांचं."

"राजा शेवटी?" महाराजांच्या भुवया चढल्या.

"मग काय तर! पंतांनीच लिहिलंय, शंभराव्या वर्षी महाराजांच्या कीर्तीचा डंका वाजेल. ते पान दुसऱ्या कुणाला देऊ?"

महाराज खुलले. मिशांवर ताव देत शेवटच्या पानावर बसले.

हौसाबाईने पंतांपुढे एक रांजण ठेवला. "हे निंबोळीचं तळं. नियम तुमच्याच योजनेतला. आधीच्याने हवं तेवढं घ्यावं, उरेल ते पुढच्याला. रांजण पानापानाने पुढे सरकेल."

वाढप झालं. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तर्रीदार रस्सा! आचाऱ्याने हात आखडला नव्हता.

पंतांनी हात धुतले. पाय धुतले. तीन खळखळून चुळा भरल्या, दोन तांबे प्यायले आणि तिसरा भरून मांडीशी ठेवला. असू द्यावा जवळ! दुसऱ्याने डोक्यावर पाणी थापलं. तिसऱ्याने उपरणं भिजवून मानेवर घेतलं. पाचव्याने रांजण तिरका केला. सातव्याने आत डोकं घातलं. आठवा आणि नववा नुसते हा-हू करत बसले.

तोवर महाराजांनी ठेच्याचा मोठा घास घेतला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण प्यायला थेंब नाही!

"पाणी! पाणी आण, बाई!"

"कुठून आणू, महाराज? शंभरावं वर्ष आलंय. हवं तर कीर्तीचा डंका वाजवायला सांगू?"

"पंतांच्या तांब्यात आहे ना!"

पंतांनी तांबा पोटाशी धरला. "क्षमा असावी, महाराज. हे पहिल्या दहा वर्षांचं आहे. नियमाने..."

"नियम घाला चुलीत!" महाराज पंगतीतून उठले, तांबा हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला. मग धापा टाकत म्हणाले, "आणि तुमच्या गावात पाणी बरं पुरतं?"

"आमच्या पंगतीत पाणी शेवटच्या पानापासून वाढत येतात, महाराज. तळ्याचंही तेच. पुढे येणाऱ्या कोरड्या वर्षांचं पाणी आधी राखून पायरीवर खूण करतो. त्या खुणेखाली कुणाची घागर जात नाही, मग दारात लग्न का असेना! राखून उरतं, ते आमचं."

महाराजांनी रिकामा तांबा खाली ठेवला. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाबाईच्या हाती दिलं.

"निंबोळी जागची हलणार नाही! आजच कारंजी बंद. आणि नवी योजना हौसाबाई सांगेल, तिच्या गावच्या रीतीने, शंभराव्या वर्षापासून अलीकडे!" ते पंतांकडे वळले. "आता या नवरत्नांना काय शिक्षा देऊ, तूच सांग."

"शिक्षा कसली, महाराज? पाठवा की आमच्या गावाला जेवायला. ठेचा मी स्वतः वाटते." हौसाबाईने पदर खोचला. "आणि पंतांना मानाचं पान देते. अगदी पहिलं!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की पुन्हा ठसका लागला. पाणी आणायला धावले ते विश्वंभरपंत!