एकाच कोठाराची टोपली

एका खोऱ्यात सात गावं होती आणि सातही गावांना फुटबॉलचं विलक्षण वेड होतं. अंतिम सामन्याच्या सकाळी, संघांच्या धान्याच्या टोपल्या तपासणाऱ्या मुलीनं एका धनाढ्य शेठच्या गावची टोपली पुढे ओढली, धान्यात हात घातला आणि ती दचकली. टोपलीत नुसती ज्वारी! पांढरीशुभ्र, पाखडलेली. बाजरीचा एक दाणा नाही, की नाचणीचा नाही.

तशी ती कशालाही दचकायची. चेंडू कुंपणावर आपटला तरी तिच्या हातातलं सूप पडायचं. पण आज दचकायला खरंच कारण होतं.

खोऱ्याची रीत अशी, की संघासाठी घरटी एक मूठ धान्य द्यायचं, ज्याच्या घरी जे असेल ते. टोपलीत जेवढं जमेल, तेवढ्यावरच गावानं खेळाडू पोसायचे. म्हणून तर डोंगरावरची चाळीस घरांची वाडीसुद्धा मोठ्या गावाला हरवू शकायची. यंदा मात्र शेठनं आपल्या कोठाराच्या जोरावर चार गावांचे चार नामी खेळाडू आपल्याकडे आणले होते. त्यातला एक वाडीचाच गोलरक्षक. आणि आज सामना होता वाडीशीच!

"पंचकाका," ती चाचरत म्हणाली, "अख्ख्या गावात एकाच्याही घरी बाजरी नाही?"

"टोपली भरलीय ना? मग घाल फडकं आणि हो बाजूला!"

शेठ खदखदून हसले. "काय गं, दाणे तपासतेस की चिमणीसारखी टिपतेस? गावाचा भार मी एकट्यानं उचलला. पुण्य आहे ते!"

आता एकच वाट उरली होती. मैदानाकडेच्या चौरंगावर उभं राहून तीनदा 'हरकत' पुकारायची. ज्या गावची टोपली त्याच गावातून कुणी 'आहे' म्हटलं, तर बाहेरून आणलेले खेळाडू तिथल्या तिथे आपापल्या गावी परत. कुणीच बोललं नाही, तर पुकारणारीचं काम गेलं. आणि हे काम तर तिला जिवापाड आवडायचं.

ती चौरंगावर चढली. "हरकत!"

ढोल वाजतच राहिले. "ए, उतर खाली! खेळ होऊ दे!" कुणीतरी ओरडलं.

"हरकत!"

ढोल थांबले. शेठच्या गावची माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागली. वाडीची दहा पोरं आणि एक नवखा गोलरक्षक श्वास रोखून तिच्याकडे पाहत होते. तिनं डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"हरकत! ही टोपली गावाची नाही!"

पंचांनी शिट्टी ओठांशी नेली.

"आहे! हरकत आहे!"

शेठच्याच गावची एक म्हातारी गर्दीतून कोपरानं वाट काढत पुढे आली. तिच्या मुठीत बाजरी होती. "मी ही मूठ दोनदा शेठच्या दारी घेऊन गेले, दोनदा मला दारातून परत पाठवलं. म्हणे, आजी, तुमच्या मुठीची आता गरज नाही. मग हा संघ माझा कसा रे, शेठ?"

तात्पर्य: एकाच्या कोठारातून भरलेली टोपली कितीही शिगोशीग असो, गावाच्या मुठी नाकारून उभा केलेला संघ गावाचा राहत नाही.