मुजऱ्याचे घोडे

देवखिंडीच्या राजेसाहेबांचे घोडे ओळीने शर्यती हरू लागले. "दम संपलाय यांचा. विकून टाका!" राजेसाहेब गरजले.

त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कासाहेबांनी, तबेल्याची वाटच अडवली. "एकही घोडा हलणार नाही. उद्या फक्त तुमचा शामियाना शेवटच्या रेषेपलीकडे हलवा."

दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत राजेसाहेबांचा घोडा सगळ्यांना मागे टाकत रेषा ओलांडून गेला आणि थेट शामियान्यापुढे थांबला.

"आक्कासाहेब, ही काय जादू?"

"जादू कसली? रोज सरावात घोड्यांनी शामियान्यापुढे थांबून मुजरा करायचा, मगच गूळ मिळणार, हा नियम तुमचाच. आणि शामियाना होता रेषेच्या अलीकडे! घोडे कुठे हरले, बाळराजे? हरला तो तुमचा हुकूम!"