दोदोच्या तळहातावरचा थेंब

दूर चीन देशात, जिथे डोंगरांचा रंग नदीत उतरतो आणि नदी हिरवीगार होऊन वाहते, तिथे तुतीच्या बागांनी वेढलेलं एक इवलंसं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाच्या झोपडीत सूयिन राहायची. बाप वारलेला. आई लोकांच्या रेशमी कोषांमधून धागा काढून पोट भरायची. घरात तांदूळ थोडा आणि भीती फार.

भीती कसली? कंदिलाची.

गावाची रीतच तशी होती. वसंतातल्या एका संध्याकाळी शाळेच्या अंगणात लाल, केशरी, पोपटी कंदील टांगायचे. प्रत्येक कंदिलावर चित्रासारखं एकेक अक्षर. गुरुजी पितळी थाळीवर टोला मारायचे, टण्ण! त्या टोल्याचा नाद विरायच्या आत मुलानं आपल्या कंदिलावरचं अक्षर वाचायचं. वाचलं तर कंदील उजळायचा. नाही वाचलं, तर कंदील काळोखा आणि पोर दुसऱ्या दिवसापासून शाळेबाहेर, बदकांच्या मागे.

गेल्या वसंतात सूयिनचा कंदील काळोखा राहिला होता. आईनं गुरुजींचे पाय धरून आणखी एक संधी मागून घेतली होती. आणि ती संधी आज संध्याकाळी होती.

पोर आळशी नव्हती हो! पण चिनी अक्षरं हजारोंनी. बाकीच्या मुलांना ती शेजाऱ्यांच्या चेहऱ्यांसारखी ओळखू यायची. सूयिनला मात्र ती कोंबडीच्या पिल्लांसारखी दिसायची, सगळी सारखी आणि सगळी पळणारी. सकाळी घोकलेलं अक्षर दुपारी परकं व्हायचं. जिभेचंही तेच. समोर डाळिंब दिसायचं, त्याची चव आठवायची, पण नाव दाराशी अडून बसायचं.

"ए सूयिन, हे काय गं?" पोरं मुद्दाम विचारायची.

"ते... ते लाल..."

"ते ते ते! बदकीण आली रे, बदकीण!"

पहाटेच ती तुतीची पानं तोडायला निघाली. मागून पाच वर्षांचा दोदो दुडूदुडू आला. तिचा धाकटा भाऊ. वाटाण्यासारखा गोल, म्हणून दोदो, म्हणजे वाटाणा.

"ताई, मी पण!"

बागेत पानापानांवर दव चमचमत होतं. एका फांदीवर रेशमाचा गुंता लोंबत होता आणि त्यात काहीतरी सोनेरी फडफडत होतं. सूयिननं वाकून पाहिलं. अंगठ्याएवढी परी! पिवळसर मोतिया पंख, चांदणीसारखे डोळे, आणि सर्वांगाला धाग्यांचे वेढे.

"सोडव गं मला," परी कण्हली. "जितकी ओढते तितकी आवळते."

"मग ओढू नकोस," सूयिन म्हणाली. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई नेहमी एका म्हाताऱ्या रेशीमवाल्याची गोष्ट सांगायची. बाजारात सगळे ओरडत, धावत. हा मात्र मांडी घालून, गुंत्याकडे बघत बसायचा. लोक हसायचे, म्हणायचे, आजोबा झोपले! पण संध्याकाळी अख्खा, न तुटलेला धागा त्याच्याच हातात असायचा. विचारलं तर म्हणायचा, "घाईचा सौदा आणि ओल्या दोरीची गाठ, दोन्ही रडवतात बाबा. आधी एक टोक शोधावं."

सूयिननं दवानं बोटं भिजवली, धागे हलकेच चाळवले. कुठूनसं एक टोक आपणहून वर आलं. मग वेढ्यामागून वेढा सुटत गेला आणि परी भुर्रकन हवेत!

"सोनुले, दोन इच्छा माग! पण नियम ऐक. एका इच्छेला पानावरचा एक थेंब. तो जमिनीवर पडायच्या आत इच्छा तोंडानं सांगायची. बोट दाखवायचं नाही. थेंब पडला, की इच्छा गेली."

सूयिन थेंबाकडे बघत राहिली. सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि तेही लवकर! तिला म्हणायचं होतं, मला सगळी अक्षरं येऊ देत. पण जीभ थिजली.

"मला ती... ती कंदिलावरची... ती काळी..."

टप! थेंब मातीत मुरला.

"गेली एक," परी हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं, पण नियम परीच्याही हातात नव्हता.

सूयिनचे डोळे भरून आले. इतक्यात शेजारी दोदो परीच्या पंखांकडे बघत पुटपुटला, "ताई, किती छान आहे ते... ते... ते..."

पिवळं. एवढासा शब्द. रोज शिकवूनही त्याला सापडत नव्हता. दोदो बोलायला उशिरा लागला होता. अंगाईतले शब्द उलटसुलट करायचा. घरातल्या साध्या सुपालाही "ते" म्हणायचा. सूयिनच्या काळजात चर्र झालं. हा तर माझ्यासारखाच! उद्या यालाही थाळीसमोर उभं करतील. यालाही "बदकीण"सारखं काहीतरी नाव पडेल. हा रडेल, आणि कुणालाच कळणार नाही की याला येतंय, फक्त सापडत नाहीये.

दुसरा थेंब पानाच्या टोकाशी आला. फुगला. लांबला.

"माग, लवकर!" परी ओरडली.

"मला... दोदोला... ती... ती वाजते ती..."

थेंब सुटला! आणि इवलासा दोदो, चमचमतं म्हणून, हात पुढे करून उभा होता. थेंब त्याच्या तळहातावर अलगद बसला.

बागेत पानही हललं नाही.

"परीताई," सूयिन भीतभीत म्हणाली, "तू जमिनीवर म्हणाली होतीस."

परी क्षणभर गोंधळली, मग घुंगरांसारखी खुदकन हसली. "म्हणाले होते खरी! बोल बाई, सावकाश बोल."

दोदो श्वास रोखून उभा राहिला. सूयिन शब्द शोधत राहिली. एक टोक सापडलं, मग दुसरा शब्द, मग तिसरा.

"गुरुजींच्या थाळीचा नाद... ज्या मुलाला वेळ लागतो, त्याचं होईपर्यंत... विरू नये. दोदोसाठी. आणि दोदोसारख्या सगळ्यांसाठी."

दोदोच्या तळहातावर थेंबाचा मोती झाला. परी दिसेनाशी झाली.

संध्याकाळ झाली. अंगणात अख्खं गाव जमलं. कुंपणापलीकडे मागच्या वर्षांत शाळेबाहेर गेलेली मुलं बदकं घेऊन मुकाट उभी होती. आई पदराचं टोक पिळत होती. मोती दोदोच्या मुठीत होता, पण इच्छा खरंच फळेल का? सूयिनला काहीच कळेना.

"सूयिन, पुढे ये!" गुरुजींची सावली भिंतीवर राक्षसाएवढी झाली. टण्ण!

कंदिलावरच्या रेघा पळू लागल्या. नाद बारीक झाला, सुईएवढा झाला, केसाएवढा झाला. मागून कुणीतरी फिसकारलं, "बदकीण!" सूयिननं डोळे मिटले. संपलं.

पण नाद संपेना. केसाएवढा होऊन तो तसाच राहिला, घुमत, मऊ, थांबलेला.

गुरुजींनी थाळी कानाशी धरली. हातानं दाबली. तरी घुमतच होती.

सूयिननं डोळे उघडले. आधी एक टोक. तिनं बोट उचललं आणि हवेत एक रेघ हळूहळू गिरवली, कोषाचा धागा सोडवावा तशी. "हे झाड. आणि हे... याच्या शेजारी उभं... आणखी एक झाड." तिचा चेहरा फुलला. "वन! गुरुजी, हे वन आहे!"

तेव्हा कुठे थाळी शांत झाली, आणि कंदील आपसूक उजळला.

गुरुजींनी थाळी खाली ठेवली. मग खाली बसून त्यांनी विचारलं, "पोरी, तुला गेल्या वर्षीही आलं असतं का गं?"

"हो गुरुजी. पण मला पोचायला वेळ लागतो."

गुरुजींनी मान खाली घातली. मग उठून त्यांनी स्वतः कुंपणाचं फाटक उघडलं. "या रे, आत या. बदकं पण आणा, काय करायचं!"

क्वॅक क्वॅक करत वरात आत आली. भावासाठी मागितलेल्या इच्छेत बहिणीलाही जागा मिळाली, आणि बहिणीमागून साऱ्या गल्लीला. त्यांचेही काळोखे कंदील एकेक करून लागले. कुणी पटकन, कुणी सावकाश.

सूयिनच्या कंदिलात मोतिया पंख फडफडले. "ताई, बघ!" दोदो ओरडला. "ते... ते..." सगळं अंगण थांबलं. कुणी हसलं नाही.

"पिवळं!" दोदो म्हणाला.

परी हसली, आणि त्याच पिवळ्या उजेडात विरघळून गेली.