सगुण कार्ड, निर्गुण कार्ड

"...मग श्रेष्ठ कोणतं, बुवा? सगुण की निर्गुण?"

प्रश्न कार्डांचा होता.

टिपणीस सोमवारी एकटेच डब्लिनला निघणार होते. मुलाचा पदवीदान समारंभ. कॉलेजाने आईवडिलांपैकी एकालाच प्रवेशपत्र दिलं होतं. 'हिला तिकडचे व्यवहार जमायचे नाहीत' असं म्हणून टिपणिसांनी ते स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

तिकडच्या खर्चासाठी बँकेने दोन कार्डं देऊ केली होती. एक प्लास्टिकचं, नेहमीसारखं. दुसऱ्याला देहच नाही. ते मोबाइलमध्येच राहतं.

बुवा मठाच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. टिपणिसांच्या पत्नी कुमुदिनीबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या.

"तुम्हाला काय वाटतं, टिपणीस?" बुवांनी विचारलं.

"निर्गुणच! ते खिशातून पडत नाही, चोरीला जात नाही. संशय आला की मिटवावं, दुसरं जन्माला घालावं. साक्षात वेदान्त! ही मात्र प्लास्टिकचंच घ्या म्हणते. देहबुद्धी सुटत नाही, दुसरं काय."

"हॉटेलवाले खोली देताना कार्ड हातात मागतात," कुमुदिनीबाई वातीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तिथे दाखवा वेदान्त."

बुवा हसले नाहीत.

"निर्गुणाचं दर्शन तरी घडवा."

मठात मोबाइल दाराशी, चपलांच्या फळीवर ठेवायचा नियम. टिपणीस लगबगीने जाऊन आपला घेऊन आले. बँकेचं ॲप उघडलं. ॲपने पासवर्ड मागितला.

टिपणिसांनी बायकोकडे पाहिलं.

"आपल्या लग्नाची तारीख," त्या म्हणाल्या.

टिपणिसांनी आकडे दाबले. चुकले.

पुन्हा दाबले...

"आता तिसऱ्यांदा चुकलं की बंद पडेल. अकरा मे. साल तरी आठवतंय का?"

"...सांगून टाक ना."

"चौऱ्याण्णव."

ॲप उघडलं. कार्ड दाखवण्याआधी त्याला ओटीपी हवा होता.

"आला का?" बुवांनी विचारलं.

"तो हिच्या मोबाइलवर येतो. बँकेत हिचाच नंबर दिलाय. माझ्याकडून मेसेज पुसले जातात."

कुमुदिनीबाई उठल्या, फळीवरचा आपला मोबाइल बघून आल्या आणि सहा आकडे तोंडपाठ म्हणून पुन्हा वातींकडे वळल्या.

पडद्यावर निळं कार्ड उमटलं.

"पाहा!" टिपणिसांचा आवाज चढला. "ना भार, ना आकार!"

"आणि ते प्लास्टिकचं?"

"ते कशाला? घेतलंच तर नेहमीसारखं हिच्या पर्समध्येच राहील. पिनसुद्धा हिलाच पाठ असतो. असल्या क्षुल्लक गोष्टींत मी मन गुंतवत नाही, बुवा."

बुवांनी वाटाण्यांची सुपली बाजूला सरकवली. एकदा कुमुदिनीबाईंकडे पाहिलं, एकदा टिपणिसांकडे...

"मग टिपणीस, डब्लिनला तुम्ही कशाला जाताय?"