पिटुकलीचं दार आणि लाल गाडी

एक होतं अंगण. अंगणात होतं शेवग्याचं झाड. झाडाखाली होतं एक बीळ. बिळात राहायची पिटुकली उंदरीण आणि तिची इवली इवली पिल्लं.

एके सकाळी पिटुकली बाहेर गेली. तुरु तुरु तुरु. तोंडात शेंगदाणा धरून परत आली. तुरु तुरु तुरु.

बघते तर दार नाही.

दाराच्या जागी होतं एक चाक. काळं, गोल, जड. चाकावर होती एक गाडी. लाल लाल आणि जुनी जुनी.

आतून आवाज आला, "चूं चूं. आई, अंधार झाला."

"घाबरू नका, सोन्यांनो," शेंगदाणा झाडापाशी ठेवत पिटुकली म्हणाली. "मी दार उघडते."

तिने चाक नाकाने ढकललं. पाठीने ढकललं. चाक हललं नाही.

गाडीत बसली होती हौसाआत्या. आत्याने किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र. पुन्हा फिरवली. खर्र खर्र. गाडी सुरू झाली नाही. आत्या खाली उतरली. तिने गाडीचं बॉनेट उघडलं आणि ती बघत उभी राहिली. मागच्या सीटवर होते नाना. नाना म्हणजे आत्याचे बाबा. ते झोपले होते.

पिटुकलीने मान वर केली. वर, आणखी वर. एवढं मोठं तिने कधी काही पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली,

"गाडीबाई, गाडीबाई, हल ना.
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

गाडी म्हणाली, "इंजिन फिरेल तर मी हलेन. इंजिन फिरेना, मी हलेना."

पिटुकली चढली चाकावर. चाकावरून गेली वर. तुरु तुरु तुरु. तिथे होतं इंजिन. डोंगराएवढं. डोंगराला होत्या नळ्या, आणि नळ्यांमागे आणखी नळ्या. पिटुकली बघतच राहिली. मग म्हणाली,

"इंजिनदादा, इंजिनदादा, फिर ना.
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

इंजिन म्हणालं, "पिचकारी पेट्रोल उडवील तर मी फिरेन. पिचकारी उडवेना, मी फिरेना."

पिटुकली गेली इंजिनाच्या माथ्यावर. तुरु तुरु तुरु. तिथे होती पिचकारी. तिचं तोंड इतकं बारीक, इतकं बारीक, की पिटुकलीची मिशीसुद्धा आत जाईना. एवढ्याशा तोंडातून पेट्रोल उडायचं आणि एवढं मोठं इंजिन फिरायचं. पिटुकली बघतच राहिली. मग म्हणाली,

"पिचकारीताई, पिचकारीताई, उडव ना.
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

पिचकारी म्हणाली, "पंप पेट्रोल पाठवील तर मी उडवीन. पंप पाठवेना, मी उडवेना."

पंप कुठे? पंप पार मागे. पिटुकली उतरली खाली. गाडीच्या पोटाखालून गेली. तुरु तुरु तुरु. तिथे होती पेट्रोलची टाकी. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून, बसला होता पंप. पिटुकलीने टाकीला कान लावला. आत अंधार, आत थंडगार, आत डुबुक डुबुक. एवढ्या अंधारात एकटा राहतो पंप. पिटुकली कान लावूनच राहिली. मग म्हणाली,

"पंपदादा, पंपदादा, पाठव ना.
पिचकारी उडवेना,
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

टाकीतून पंप म्हणाला, "रिले वाजेल तर मी पाठवीन. रिले वाजेना, मी पाठवेना."

पिटुकली पुन्हा पुढे आली. तुरु तुरु तुरु. इंजिनाच्या कोपऱ्यात होता एक काळा डबा. डब्यात होत्या चौकोनी डब्या. त्यातलीच एक डबी म्हणजे रिले. रिले टक् वाजला की पंपाकडे वीज जाते. डब्याभोवती तारा. लाल तार, पिवळी तार, निळी तार. एकही तार वाट चुकत नव्हती. पिटुकली बघतच राहिली. मग म्हणाली,

"रिलेभाऊ, रिलेभाऊ, वाज ना.
पंप पाठवेना,
पिचकारी उडवेना,
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

रिले म्हणाला, "फ्यूज वीज देईल तर मी वाजेन. फ्यूज देईना, मी वाजेना."

पिटुकली एका तारेवरून चालत चालत गाडीच्या आत गेली. तुरु तुरु तुरु. स्टिअरिंगच्या खाली अंधार होता. अंधारात फ्यूज ओळीने बसले होते. सगळे नखाएवढे. त्यातला एक फ्यूज हळू आवाजात कण्हत होता.

पिटुकली म्हणाली,

"फ्यूजबाळा, फ्यूजबाळा, वीज दे ना.
रिले वाजेना,
पंप पाठवेना,
पिचकारी उडवेना,
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

फ्यूज म्हणाला, "मी वीज कशी देऊ? माझ्या पोटात केसाएवढी तार होती. ती तुटली. माझ्या जागी आत्या नवा फ्यूज लावील तर वीज येईल. आत्या लावेना, मी देईना."

केसाएवढी तार तुटली, आणि एवढी मोठी गाडी गप्प झाली.

पिटुकली गेली आत्याकडे. तुरु तुरु तुरु. आत्या आता घराच्या पायरीवर बसली होती. डोळे पुसत होती.

पिटुकली म्हणाली,

"आत्या आत्या, फ्यूज लाव ना.
फ्यूज देईना,
रिले वाजेना,
पंप पाठवेना,
पिचकारी उडवेना,
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

आत्याने खाली वाकून पाहिलं. "अगं, माझ्या चाकाखाली तुझं घर आहे का? मला दिसलंच नाही गं. माझ्या भावालाही बाळ झालंय. आज बाळाला दवाखान्यातून घरी आणायचंय. ते तिकडे वाट बघतंय आणि माझी गाडी इथे अडलीय."

"मग लाव ना फ्यूज," पिटुकली म्हणाली.

"नवा फ्यूज आहे माझ्याकडे. पण तिथे अंधार आहे. टॉर्च नानांच्या खिशात. नाना बाळाच्या आनंदात रात्रभर जागे होते, आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय. त्यांना हाक मारायला जीव होत नाही माझा. नाना टॉर्च धरतील तर मी लावीन. नाना उठेनात, मी लावेना."

पिटुकली गेली नानांकडे. तुरु तुरु तुरु. नाना घोरत होते. घुर्र फूं. घुर्र फूं. त्यांच्या मांडीवर एवढंसं टोपडं होतं.

पिटुकली म्हणाली,

"नाना नाना, उठा ना.
आत्या लावेना,
फ्यूज देईना,
रिले वाजेना,
पंप पाठवेना,
पिचकारी उडवेना,
इंजिन फिरेना,
गाडी हलेना,
दार दिसेना,
पिल्लं भेटेनात."

घुर्र फूं. घुर्र फूं.

नाना उठेनात. आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

पिटुकली गेली नानांच्या पायाशी. नानांचा अंगठा तिच्यापेक्षा मोठा होता. तिला भीती वाटली. पण तिला पिल्लं आठवली. तिने मिशी पुढे केली आणि अंगठ्यावरून फिरवली.

गुदू गुदू. गुदू गुदू.

नाना हसले. झोपेतच हसले. हसता हसता जागे झाले.

"कोण गं ते?" नाना म्हणाले.

"मी पिटुकली. टॉर्च धरा ना."

"धरतो की. त्यात काय."

नाना उठले. नानांनी टॉर्च धरला. उजेड पडला.

आत्याने तुटका फ्यूज काढला. नवा फ्यूज लावला. मग म्हणाली, "पिटुकले, आता झाडापाशी जा. मी सांगेपर्यंत पुढे येऊ नकोस."

पिटुकली झाडापाशी गेली. आत्याने किल्ली फिरवली.

फ्यूजने वीज दिली.
रिले वाजला. टक्.
पंपाने पेट्रोल पाठवलं. घूंऽऽऽ.
पिचकारीने उडवलं. फुस् फुस् फुस्.
इंजिन फिरलं. धड् धड् धड् धड्.

जमीन थरथरली. शेवग्याची पानं थरथरली. पिटुकलीच्या तळपायाला ते धड् धड् कळलं, आणि तळपायातून पोटात गेलं. सगळे जागे झाले होते, एकापाठोपाठ एक. पिटुकली शेंगदाणा खायचाही विसरली.

आत्या म्हणाली, "हळूच पुढे घेते हं."

गाडी हलली. हळू हळू हळू.
दार दिसलं. "ये आता," आत्याने हाक दिली.
पिल्लं भेटली.

आत्या खिडकीतून म्हणाली, "इथे परत कधी गाडी लावणार नाही मी."

नानांनी हात हलवला. गाडी फाटकातून बाहेर पडली.

पिल्लं आईच्या कुशीत शिरली. चूं चूं चूं. "आई, बाहेर कोण ओरडलं?"

"गाडी."

"गाडी केवढी असते?"

पिटुकलीने पुढचे पाय पसरले. आणखी पसरले. पाय पुरेनात. मग ती म्हणाली, "या, ऐका."

तिने जमिनीला कान लावला. पिल्लांनीही लावला. लांब, रस्त्यावर, जमिनीच्या आत, गाडी चालली होती. धड् धड् धड् धड्. मग धडधड. मग नुसतं घूं. मग आणखी बारीक.

कुणी हललं नाही. आवाज संपला, तरी सगळी पिल्लं कान लावून तशीच ऐकत राहिली.