वाळूवर ओढलेलं जहाज

फार पूर्वी, समुद्रावर शिडं आणि वल्ह्यांशिवाय दुसरं काही चालत नव्हतं त्या काळात, एका खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बंदर होतं आणि त्या बंदरात गलबतं बांधणारा एक सुतार होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हाताचा चांगला, बोलायला कमी. बंदराच्या सरदाराकडे वीस-बावीस गलबतं होती आणि या सुताराचा हात लागला नाही असं त्यांत एकही नव्हतं.

त्या किनाऱ्याची एक रीत होती. पावसाळा तोंडावर आला की सगळी गलबतं वाळूवर ओढून घ्यायची. खाली ओंडके टाकायचे, ओंडक्यांना माशाचं तेल चोळायचं आणि सगळ्या गावाने दोरखंडाला लागायचं. गलबत वर आलं की ते नारळाच्या झापांनी शाकारून टाकायचं. चार महिने गलबतं तिथे खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी बसून राहायची. त्यांचे तळ रुंद असत, त्यामुळे वाळू त्यांना मानवायची.

एका वर्षी दिवाळीनंतर सरदाराच्या गलबतांनी भर समुद्रात एक फिरंगी लढाऊ जहाज गाठलं. वारा पडला होता. जहाजाची शिडं लोंबत होती आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं. गलबतं वल्ह्यांवर चालली. त्यांनी मागून जाऊन जहाजाचं सुकाणू फोडलं आणि दिवस मावळायच्या आत त्यावरचं निशाण उतरवलं.

ते ओढत बंदरात आणलं तेव्हा सगळा गाव किनाऱ्यावर उभा होता. तीन डोलकाठ्या, सोळा तोफा, आणि तोंडाशी लाकडात कोरलेली एक अर्धीउघडी बाई. गावातली एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात ही अशीच फिरते? आधी हिला लुगडं नेसवा." बायांनी खरंच तिला हिरवं लुगडं नेसवलं. सरदाराने जहाजाचं नाव ठेवलं जयवंती.

जहाजावरची माणसं सरदाराने आपल्या कैद झालेल्या माणसांच्या बदल्यात सोडून दिली. मागे राहिला तो एकच, त्या जहाजाचा म्हातारा फिरंगी सुतार. त्याच्या मांडीत लाकडाची ढलपी घुसली होती, त्याला चालता येत नव्हतं.

सरदार म्हणाला, "हा इथेच राहू दे. जहाज दुरुस्त करायला मिस्त्रीला उपयोगी पडेल. जयवंतीने वर्षभर नीट काम दिलं, तर याला मी घरी पाठवीन."

असे ते दोन सुतार एका जहाजावर आले. पहिले आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मिस्त्रीला वाटे, फिरंगी लाकूड तासायचा वाकस उलटा धरतो. फिरंग्याला वाटे, हा बसून काम करतो ते उभ्याने करावं. मग एके दिवशी मिस्त्रीने आपल्या शिदोरीतली भाकरी आणि भाजलेला बोंबील त्याच्यापुढे ठेवला.

कैद्याने बोंबील उचलून वास घेतला. तोवर त्याला आपली भाषा थोडी येऊ लागली होती.

"हा कधी मेला?" त्याने विचारलं.

"तू आलास त्याच्या आधी. खा गुमान."

कैदी हसला. त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवू लागले.

नवं सुकाणू बसलं, फळ्यांच्या भेगांत कापूस आणि डांबर भरून झालं, आणि मार्गशीर्षात जयवंती बाहेर पडली. आजवर त्या किनाऱ्यावर समुद्री लुटारूंचा मोठा जाच होता. भाताने भरलेल्या होड्या ते खाडीच्या तोंडाशीच अडवायचे. आता तिच्या तीन डोलकाठ्या दिसल्या की ते लांबूनच वळू लागले. माघात एका बेटावरच्या किल्ल्यातलं धान्य संपलं होतं आणि भोवती शत्रूची गलबतं उभी होती. जयवंती त्यांच्यामधून शिरली आणि तांदूळ उतरवून परत आली. चैत्रात वादळ झालं, तेव्हा तिच्या आडोशाला थांबून कोळ्यांच्या पाच होड्या वाचल्या. घरचा माणूस समुद्रावर गेला की बाया डोळ्याला डोळा लावत नसत, त्या आता झोपू लागल्या. ते जहाज परक्याचं आहे हे सहा महिन्यांत सगळे विसरून गेले.

मिस्त्री तर तिच्या नादीच लागला होता. ती बंदरात आली की तो घरी जेवायलासुद्धा जायचा नाही.

वैशाख सरत आला. किनाऱ्यावर ओंडके येऊन पडू लागले. ते पाहून कैद्याने विचारलं, "हे कशाला?"

"गलबतं ओढायला. पाऊस येईल आता."

"हिला पण?"

"सगळ्यांनाच ओढतो आम्ही."

कैद्याने खाणं थांबवलं. त्याने हातातली भाकरी तळव्यावर ठेवली. भाकरी सरळ राहिली. "हे पाणी," तो म्हणाला. मग तीच भाकरी त्याने एका बोटावर ठेवली. दोन्ही कडा खाली वाकल्या आणि भाकरी मधोमध मोडून दोन तुकडे खाली पडले. "ही वाळू."

मिस्त्री त्या तुकड्यांकडे बघत राहिला. जयवंतीचा तळ निमुळता आणि खोल होता, कणा लांब होता. पाणी तिला सगळीकडून उचलून धरत होतं. वाळू तशी धरणार नव्हती. आयुष्यभर लाकूड घासलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागलं नाही.

"मग पावसाळ्यात ठेवायची कुठे?"

"खाडीत, आत. वळणाच्या मागे खोल डोह आहे. तोफा काढ. वरच्या काठ्या उतरव. पुढे नांगर, मागे नांगर. तिला पाण्यातच झोपू दे."

"उद्या बैठकीत सांगतो," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरदाराच्या बैठकीत गलबतं हाकणारे सगळे तांडेल जमले. कुठलं गलबत कधी ओढायचं ते ठरलं. शेवटी सरदार मिस्त्रीकडे वळला. "आता जयवंतीचं बोल. ती आपल्या गलबतांसारखी नाही. तिचं काय करायचं? तू म्हणशील तसं करू."

मिस्त्री तोंड उघडणार, तेवढ्यात थोरला तांडेल म्हणाला, "त्यांना आत्ता नका विचारू सरकार. आधी ते कोठडीत जाऊन गुरूला विचारतील. भाकरीसुद्धा एका ताटात चालते दोघांची."

बैठक हसली. सरदारही हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मिस्त्रीचे कान तापले. त्याचा बाप याच बंदराचा मिस्त्री होता, आजाही होता. चाळीस वर्षं गलबतं बांधून आता एका कैद्याने शिकवलेलं या माणसांसमोर कसं बोलायचं?

तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात. आपली रीत आहे तशीच ओढू."

"नक्की?" सरदाराने विचारलं.

"नक्की."

घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, मग आत्ता जाऊन सांगा. उधाणाच्या भरतीला अजून आठ दिवस आहेत."

"आता फिरून सांगितलं तर लोक म्हणतील, गुरूला विचारून आला."

"म्हणू द्या की. चार दिवस म्हणतील आणि विसरतील."

"जातो उद्या," तो म्हणाला.

असे आठ उद्या गेले. मधल्या दिवसांत त्याने जास्तीचे ओंडके कापले, टेकूंसाठी जाड वासे आणवले आणि मनाला समजावलं, की एवढं केल्यावर निभेल. कैद्याने एकदा विचारलं, "सांगितलंस?"

मिस्त्री हातातल्या रंध्याकडे बघत म्हणाला, "सांगितलं. ऐकलं नाही त्यांनी."

कैद्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काय करणार मग," तो म्हणाला.

अमावस्येच्या उधाणाला जयवंती किनाऱ्याशी आणली. ढोल वाजत होते. सगळा गाव दोरखंडाला लागला, बायासुद्धा लागल्या. तासभर ओढल्यावर ती वाळूच्या उंचवट्यावर चढली. दोन्ही अंगांना टेकू लावले आणि लोक गूळपाणी प्यायला बसले. भरती ओसरू लागली.

पाणी तिच्या पुढच्या टोकाखालून गेलं, मग मागच्या टोकाखालून गेलं. मधला भाग तेवढा वाळूवर राहिला. आधी बारीक करकर ऐकू आली. लोकांना वाटलं, दोर ताणला असेल. मग आतून एक आवाज झाला, लांब आणि जड. ढोल वाजवणाऱ्यांचे हात थांबले. जयवंतीचं तोंड खाली गेलं, शेपूट खाली गेलं आणि मधोमध तिची पाठ मोडली. मधली डोलकाठी हळूच एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

लोक उठून उभे राहिले. मग थोरला तांडेल ओरडला, "हे त्या फिरंग्याचं काम आहे. आतून कणा कापून ठेवला त्याने."

लोकांना रागवायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी लंगड्या कैद्याला धरून सरदारापुढे आणलं. "याला कड्यावरून ढकला," कुणी म्हणालं.

सरदाराने हात वर केला. "तुला काय सांगायचं आहे?"

कैदी घाबरलेला दिसत नव्हता. त्याचे डोळे मोडलेल्या जहाजावर होते. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "वाळूवर घेऊ नका. मी या मिस्त्रीला सांगितलं, याने तुला सांगितलं. तूच ऐकलं नाहीस."

"मला?" सरदार म्हणाला. "मला कुणीच काही सांगितलं नाही."

त्याने मिस्त्रीकडे पाहिलं. कैद्यानेही पाहिलं. कैद्याला वाटलं होतं, मिस्त्री आता पुढे होईल आणि सरदाराला आठवण करून देईल. मिस्त्री मान खाली घालून उभा होता. तो आणखी थोडा वेळ गप्प राहिला असता, तर कैदी खोटारडा ठरला असता आणि कड्यापाशी गेला असता.

मिस्त्री पुढे आला. "तो खरं बोलतो, सरकार. त्याने मला नीट समजावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि त्याला खोटंच म्हणालो की सांगितलं."

"का?"

"बैठकीत सगळे हसले. मला लाज वाटली."

मिस्त्रीला वाटलं, सरदार आता तलवारीला हात घालेल. सरदार मात्र वाळूतल्या एका ओंडक्यावर बसला. मग शांतपणे म्हणाला, "मी तुला दोनदा विचारलं होतं. कुणाकडून कळलं ते मी विचारणारच नव्हतो. तू 'खाडीत न्या' म्हणाला असतास, तर आत्ता जहाज खाडीत असतं."

एवढं बोलून तो निघून गेला. त्याने मिस्त्रीला दुसरी काही शिक्षा दिली नाही.

वर्ष पुरं झालं नव्हतं, तरी कैद्याला सोडायचं ठरलं. पावसाआधी परमुलखात जाणारं शेवटचं गलबत निघणार होतं, त्यात त्याला जागा दिली. मिस्त्री पोहे आणि गुळाची पुरचुंडी घेऊन धक्क्यावर गेला. कैद्याने पुरचुंडी घेतली.

"जहाज तुझं होतं," मिस्त्री म्हणाला. "मी मोडलं."

"जहाजं मोडतात," कैदी म्हणाला. "मी पुष्कळ पाहिली. पण मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तरी खरं बोलायचं होतंस."

मिस्त्रीने गलबताचा दोर सोडून दिला. गलबत निघून गेलं.

पावसाळा संपल्यावर लुटारू पुन्हा आले. त्यांना खाडीबाहेर तीन डोलकाठ्या दिसल्या नाहीत. त्या हंगामात भाताच्या सात होड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गेलेली नऊ माणसं परत आली नाहीत. त्यातल्या एकाच्या घरी मिस्त्री भेटायला गेला, पण दारातूनच परतला.

जयवंती तोडायचं काम त्याच्याकडेच आलं. दुसरं कुणी ते जाणत नव्हतं. त्याने एकेक फळी सुटी केली, एकेक वासा बाजूला काढला. कुठे कीड असेल, कुठे कुजलेलं असेल, म्हणून तो बघत गेला. तसं काही निघालं असतं, तर त्याला थोडं बरं वाटलं असतं. पण सगळं लाकूड टणक निघालं. मोडला होता तो फक्त मधला कणा, तो मोडला नसता तर ती अजून पन्नास वर्षं चालली असती.

ते लाकूड गावात वाटलं गेलं. कुणाच्या घराला दार झालं, कुणाला देव्हारा, कुणाला पाळणा. पुढे लोक मिस्त्रीला घरी बोलावत आणि कौतुकाने दाराच्या फळीवर हात फिरवून म्हणत, "काय सुरेख लाकूड आहे हो, मिस्त्री."

मिस्त्री म्हणायचा, "हो. पाण्यातलं आहे." आणि आत न येता निघून जायचा.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: चांगली गोष्ट कुणाकडून कळली याची लाज धरू नये आणि ती वेळेवर बोलून टाकावी, नंतर कितीही खरं बोललं तरी मोडलेलं पुन्हा तरंगत नाही.