वाशांना टांगलेल्या होड्या

वर बघा पाहुणे, पण टोपी सांभाळा. पहिलीच्या वर्गात वाशांना या कागदाच्या होड्या टांगल्यात, एकेक पंचरंगी दोऱ्याने. खाडी इथून वीस पावलांवर, आणि आमच्या खारपेड गावची पोरं होड्या टांगतात छपराला! येणारे सगळे हसतात. तुम्ही आधी ऐका, मग हसा.

फार मागची गोष्ट. फुटलेल्या गलबतावरून आलुंग नावाचा चिनी सुतार इथे किनाऱ्याला लागला, असे सांगतात. गावाने त्याला आलुंगमेस्त्री केलं. वर्षभर तो होड्या दुरुस्त करी, मायदेशाचं नाव काढत नसे. फक्त ज्येष्ठातल्या शुद्ध पंचमीला त्याला राहवत नसे. त्या दिवशी त्याच्या मुलखात होड्यांचा सण. मग पंतोजींना विचारून तो शाळेत येई, पोरांकडून कागदाच्या होड्या करून घेई, केळीच्या पानात भाताच्या पुरचुंड्या बांधायला शिकवी आणि सगळ्यांच्या मनगटांना पंचरंगी दोरे बांधी. बुडालेल्या माणसाला माशांनी शिवू नये म्हणून त्याच्याकडचे लोक असा भात नदीत टाकत, म्हणे. पोरांना ते काही पटत नसे. ती पुरचुंड्या खाऊन मोकळी होत, आणि मेस्त्रीही हसून सोडून देई.

त्या साली रामा तांडेलाच्या शेवंतीची होडी सगळ्यांत सुबक झाली. सात वर्षांची पोर, पण हात मोठा नेटका. मेस्त्रीच कौतुकाने म्हणाला, "सोड पाण्यात, बघू किती जाते." ओहोटी लागली होती. होडी गेली, आणि होडीमागे पोर गेली.

मेस्त्री धावला. लाटेने त्यालाच उलथून काठावर फेकलं. पावसाळा तोंडावर, गावाच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या. पाण्याजवळ एकच होती, तांडेलाची, आणि तिच्या तळाची फळी मेस्त्रीने सकाळीच काढून ठेवली होती.

"मेस्त्री, फळी लाव!" तांडेल ओरडला.

फळी बसवायला अर्धा दिवस लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मेस्त्रीने तरी ती उचलली, जागेवर धरली, आणि खाली ठेवली.

"तुझ्या देवाला सांग," तांडेल म्हणाला. "माझी पोर दे म्हणावं."

"देव नाय माझ्याकडं," मेस्त्री म्हणाला. "भात हाय."

त्याने वर्गातल्या पुरचुंड्या आणल्या आणि एकेक खाडीत सोडू लागला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते बघून एका पोराने खायला सोडलेली पुरचुंडी पुन्हा बांधली आणि टाकली. मग सगळ्यांनी टाकल्या. त्या वर्षी कुणी एक शीत तोंडात घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी भरतीने शेवंतीचा देह शाळेच्या पायरीशी आणून ठेवला. एकाही माशाने तिला शिवलं नव्हतं, असे सांगतात. मनगटावरचा दोरा तसाच होता. गाव याला चमत्कार म्हणतं. मेस्त्रीने मात्र तो शब्द कधी उच्चारला नाही.

"पोर दे म्हणालो होतो मी," तांडेल त्याला एवढंच म्हणाला.

पुढच्या पंचमीला मेस्त्रीने पोरांच्या होड्या स्वतःच्या हाताने वाशांना बांधल्या. आजही ज्येष्ठ पंचमीला पुरचुंड्या तेवढ्या खाडीत जातात, होड्या नाहीत. दरवर्षी पहिलीतलं एखादं पोर विचारतंच, "गुरुजी, सोडू का पाण्यात?" गुरुजी दोऱ्याची गाठ आणखी आवळतात.